तीन पायांचा ससा

आमच्या बेळगावात वाद कोणत्याही भाषेत सुरू होवो, तो संपतो बहुधा एका कानडी म्हणीवर : ‘ना हिडिद मोलक्के मूरे कालु.’ मी धरलेल्या सशाला तीनच पाय. ससा समोर चारी पायांवर उभा असतो, सगळे बघत असतात. पण ज्याने धरला तो म्हणतो, तीनच. हट्टी माणसाला ऐकवायची ही म्हण आम्हां मराठी घरांतही अगदी आपली होऊन गेली आहे. सासूबाई ती मामंजींना ऐकवीत, मी यांना ऐकवीत आले. ती एक दिवस माझ्यावरच, आणि तीही खऱ्याखुऱ्या सशाच्या रूपाने, उलटेल असे मात्र कधी वाटले नव्हते.

२०२२ च्या जून महिन्यात नातवाच्या आठव्या वाढदिवसाला मुलाने बाजारातून सशांची जोडी आणली. एक पांढराशुभ्र, एक तांबूस. यांना पानाचे व्यसन, म्हणून नावे ठेवली चुना आणि काथ. विकणाऱ्याने सांगितले होते, ‘‘काही त्रास नाही ओ त्यांचा. चपाती घाला, बिस्किट घाला, गाजर घाला. काय पण खातंय.’’ ते ‘काय पण’ आम्हाला फार सोयीचे वाटले. सकाळी चहाबरोबर बिस्किट, दुपारी चपातीचा काला, संध्याकाळी गाजर, अधूनमधून भिजवलेली हरभऱ्याची डाळ. घरात कुंदा आला की त्यातलाही कण त्यांच्या पुढ्यात जाई. दोघे पुढचे पाय उचलून आमच्या हातातून खात आणि आम्ही धन्य होत असू. पाहुणे आले की पाहुण्यांच्याही हातात बिस्किट देत असू.

जुलै उजाडला तशी घरात दुर्गंधी येऊ लागली. आधी मोरीचा संशय आला, मग मेलेल्या उंदराचा. शेवटी पिंजऱ्याशी जाऊन नाक लावले तेव्हा उलगडा झाला. चुन्याच्या शेपटीखालचे केस काळपट, चिकट झाले होते, आणि सगळ्या माजघरभर आंबूस, उग्र घाण दाटली होती. सून म्हणाली, ‘‘आई, हे स्वयंपाकघराजवळ नको.’’ पिंजरा माजघरातून मागच्या सोप्यात गेला. तिथूनही वास येऊ लागला तेव्हा परसातल्या पत्र्याखाली गेला. फिनेल झाले, उदबत्ती झाली. एका रविवारी आम्ही चुन्याला बादलीत बसवून शॅम्पूने आंघोळ घातली. तो थरथर कापत होता आणि आम्ही हसत होतो. दोन दिवसांत वास पुन्हा हजर.

शेजारणीने कानडी-मराठी मिसळून सल्ला दिला, की व्हॅक्सीन डेपोच्या झाडीत नेऊन सोडा, त्यांचे ते बघून घेतील, पुण्यही लागेल. यांनाही ते पटले. ‘‘रानातलं जनावर रानात गेलेलं बरं,’’ हे म्हणाले. मी मात्र म्हटले, त्याला बरे करू, मग बघू. बरे करायचे म्हणजे काय? नातवाच्या घशाला दिलेल्या अमॉक्सिसिलिनची बाटली कपाटात उरली होती. लहान मुलाला चालते ते सशाला चालेलच, असा माझा हिशेब. तीन दिवस मी मायेने पाव पाव चमचा चुन्याच्या तोंडात घातला. चौथ्या दिवशी तो कोपऱ्यात अंग चोरून शांत बसून राहिला. पिंजऱ्याची जाळी कुरतडणे बंद, उड्या बंद. मी सुनेला म्हटले, ‘‘बघ, आराम पडला.’’ दुसऱ्या दिवशी सकाळी तो ताठ होऊन पडलेला दिसला. नातू शाळेत गेला होता. तो परत येण्याआधी यांनी परसात खड्डा खणला.

त्याच दुपारी काथला टोपलीत घालून आम्ही जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर तरुण मुलगी, कानडी भाषिक, पण मराठी समजणारी. तिने पहिला प्रश्न विचारला तो आजाराचा नव्हता. ‘‘खायला काय घालता?’’ मी मोठ्या अभिमानाने यादी सांगितली. ती ऐकून घेऊन हळूच म्हणाली, ‘‘अज्जी, हुल्लु. बरे हुल्लु.’’ गवत. नुसते गवत. मग काथला उताणी करून पाहिले आणि म्हणाली, ‘‘ही मादी आहे. तुम्ही ‘तो’ का म्हणता?’’ दोन महिने घरात वावरणारा जीव नर की मादी एवढेही आम्ही विचारले नव्हते.

तिने जे समजावले, आणि नंतर मी जे वाचून खात्री करून घेतले, ते थोडक्यात सांगायला हवे. कारण पुढचा सगळा विचार त्यावर उभा आहे. सशाचे पोट एकदा सुरू झालेल्या जात्यासारखे असते; त्यात सतत काही पडत राहावे लागते. ते पडायचे म्हणजे चोथा, वाळलेल्या गवताचा. त्याच्या आहारात पाचांतले चार भाग गवतच हवे. चोथ्याने आतडी हलत राहतात आणि जन्मभर वाढत राहणारे दातही झिजतात. लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर एक मोठी पिशवी असते, तिला अंधांत्र म्हणतात. तिथे कोट्यवधी सूक्ष्म जीव गवत आंबवून त्यातून सत्त्व काढतात. ही आंबवणी फार नाजूक. पीठ आणि साखर तिथे पोचली की नको ते जंतू माजतात, पोटात वायू धरतो. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे चुकून गेलेले परत बाहेर काढायची सोयही नाही. आणि अमॉक्सिसिलिनसारखे पेनिसिलिनच्या जातीचे औषध तोंडावाटे दिले, तर ते हितकर जंतूच मारून टाकते. मागे उरलेले जंतू विष तयार करतात. माणसाच्या लेकराला तारणारे औषध सशाला मारते. चुना आजाराने गेला असता की वाचला असता, मला ठाऊक नाही. पण माझ्या चमच्याने त्याची वाट बंद केली, यात शंका ठेवायला जागा नाही.

आता वासाकडे येते. निरोगी सशाच्या लेंड्या कोरड्या, गोल आणि जवळजवळ वासरहित असतात. याखेरीज तो दुसऱ्या प्रकारची विष्ठा टाकतो. अंधांत्रातून आलेली, मऊ, चकचकीत, द्राक्षांच्या बारक्या घोसासारखी. ती तो थेट अंगापाशीच तोंड नेऊन खाऊन टाकतो. तिच्यात प्रथिने आणि ‘ब’ जीवनसत्त्वे असतात. अन्न दोनदा पोटातून गेल्याशिवाय त्याचे पोषणच होत नाही. १८८२ साली मोरो नावाच्या फ्रेंच पशुवैद्याने हा प्रकार नोंदवला. बायबलच्या लेवीय या पुस्तकात ससा रवंथ करतो असे म्हटले आहे. ते शब्दशः खरे नाही. पण गाय जे तोंडाने करते ते ससा वळसा घालून करतो म्हटले तर फारसे चुकत नाही. पीठ-साखर खाऊन पोट बिघडले, किंवा अंग सुटल्यामुळे तोंड मागे पोचेनासे झाले, की ती मऊ विष्ठा न खाता तशीच राहते, केसांना चिकटते, कुजते. पावसाळ्यात त्यावर माश्या बसून अंडी घालतात आणि दिवसाभरात अळ्या पडू शकतात. आमच्या घरात कोंदलेला वास हा असा होता. त्या वासात आमची बिस्किटे होती, चपाती होती, कुंदा होता. सशाचे असे त्यात फार थोडे होते.

हे ऐकल्यावर पहिल्यांदा मला शिसारी आली, हे कबूल करते. स्वतःची विष्ठा खाणारे जनावर आणि आम्ही त्याचे मुके घेत होतो! मग आठवले, की माझ्या आईने जन्मभर शेणाने अंगण सारवले, मीही सारवले, आणि त्या ओल्या सारवणाचा वास आजही मला माहेरचा वाटतो. गायीचे ते पवित्र आणि सशाचे ते ओंगळ, हे नाकाने ठरवलेले नाही. नाकाला लहानपणी शिकवलेले आहे. किळस ही इतकी जुनी सवय असते की ती आपल्याला ज्ञान वाटू लागते. माणसांच्या बाबतीत आपण तिच्या जोरावर काय काय केले, कोणाला गावाबाहेर ठेवले आणि आपलीच घाण उपसायला लावून वर त्यालाच घाणेरडा म्हटले, हे इथे विस्ताराने सांगायची गरज नाही.

पण मला जो प्रश्न छळू लागला तो किळसेचा नव्हता, प्रेमाचा होता. चुन्याचा आम्ही छळ केला नव्हता. १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा घेऊन कोणी दारात आले असते तर त्याला आम्ही बिस्किटांचा पुडाच दाखवला असता. मग चुकले कुठे?

लहानपणापासून आपल्यावर एक संस्कार असतो : दुसऱ्याला आपल्यासारखे मानावे. गीतेच्या सहाव्या अध्यायातला आत्मौपम्याचा विचार हाच. नामदेवांची गोष्ट तर आम्ही शाळेत मुलांना रंगवून सांगत असू. कुत्र्याने पोळी पळवली, आणि कोरडी पोळी त्याच्या घशाला लागेल म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. ही गोष्ट सांगताना माझे डोळे दर वर्षी भरून येत. आता तीच गोष्ट मनात आणली की वाटते, मीही वाटी घेऊनच धावत होते. फरक इतकाच, की माझ्या वाटीत काय आहे आणि समोरच्याच्या पोटाला काय मानवते, हे पाहायला मी थांबले नाही. मला गोड आवडते म्हणून त्याला गोड. मला तापात औषध लागते म्हणून त्याला तेच औषध. मी चुन्याला अगदी माझ्यासारखे मानले आणि त्यातच तो गेला.

म्हणजे आत्मौपम्य खोटे का? मला तसे वाटत नाही. ते निम्मे आहे. दुखते तेव्हा त्यालाही माझ्यासारखेच दुखते, इथपर्यंत ते आपल्याला आणून सोडते, आणि तेवढे फार मोठे काम आहे. पण कशाने दुखते, आणि दुखले की तो काय करतो, हे माझ्या अंगावरून मला कळणार नाही. मला दुखले की मी विव्हळते. ससा हा दुसऱ्याचे भक्ष्य होणारा जीव. रानात जो विव्हळला तो संपला. म्हणून तो दुखणे लपवतो, कोपऱ्यात अंग आवळून बसतो, फार तर दात करकरवतो. त्याने बारा तास काही खाल्ले नाही तर डॉक्टरकडे धावायचे असते. मी त्या शांततेला आराम म्हटले. जिथे माझे त्याच्याशी साम्य संपते तिथून पुढे दया पुरत नाही. तिथे विचारावे लागते, शिकावे लागते. आणि हे शिकणे दयेइतकेच, किंबहुना अधिकच, कर्तव्य आहे असे मला आता वाटते.

हे मला समजावीत, ‘‘अगं, आपल्याला माहीत नव्हतं. अजाणता झालं त्यात दोष कसला?’’ नवऱ्याने बायकोची समजूत घालावी तशी ती समजूत होती आणि तिने मला बरेही वाटले. पण ती टिकेना. न कळणे दोन प्रकारचे असते. एक, जे कळायला मार्गच नव्हता. दुसरे, जे विचारले असते तर कळले असते. आमच्या घरापासून डॉक्टर पंधरा मिनिटांवर होती. मुलाच्या हातात फोन होता, त्यात सगळे जग होते. आम्ही विचारले नाही, कारण विकणाऱ्याचे ‘काय पण खातंय’ आम्हाला हवेच होते. हाताने भरवण्यातला आनंद आमचा होता; गवत टाकून बाजूला व्हायचे, त्यात तो मिळाला नसता. आपले न कळणे जेव्हा आपल्याच सुखाला जपत असते तेव्हा त्याला अज्ञान म्हणणे ही पळवाट आहे. महिनाभर तो जीव त्याला येत होता त्या एकाच भाषेत, म्हणजे वासाने, आम्हाला सांगत होता. आम्ही काय केले? पिंजरा एक एक दालन मागे ढकलत नेला.

हे लिहिताना हात थबकतो, कारण आमच्या घरात मागच्या सोप्यात गेलेला चुना हा पहिला जीव नव्हता. सासूबाई शेवटचे वर्षभर अंथरुणावर होत्या. आधी त्यांची खाट माजघरात होती. वास येऊ लागला तशी सोप्यात गेली. कारण सांगितले, तिथे हवा खेळती आहे. खोटेही नव्हते ते. ऊद घालत होतो, चादरी बदलत होतो, सेवेत कसूर केली असे कोणी म्हणणार नाही. त्यांना मी रोज शिरा करून भरवीत असे, साजूक तुपातला, कारण म्हाताऱ्या माणसाला मऊ आणि गोड आवडते असे मला वाटे. त्या दोन घास घेत आणि तोंड फिरवीत. मला राग येई. एकदा त्यांनी विचारले होते, ‘‘ज्वारीची आंबील मिळेल का ग?’’ मी म्हटले, ‘‘आंबिलीत काय ताकद असते, आई?’’ आणि शिराच पुढे केला. त्यांच्या पोटाला काय मानवते हे त्या तोंडाने सांगत होत्या, मराठीत सांगत होत्या, तरी मला ऐकू आले नाही. मग मुक्या सशाचे मी काय ऐकणार? माझ्या सशाला तीनच पाय होते, आणि ते फार जुने होते.

आता उरला सोडून देण्याचा प्रश्न. रानातले जनावर रानात, हे वाक्य ऐकायला उदार आहे. पण आपल्या माळरानावर उड्या मारतो तो ससा वेगळ्या जातीचा. बाजारात मिळतात त्या सशांचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे, बिळात राहणारे, आणि माणसाने कितीएक पिढ्या पिंजऱ्यात वाढवलेले. पांढराशुभ्र चुना व्हॅक्सीन डेपोच्या झाडीत एक रात्र काढू शकला नसता. कुत्र्यांनी त्याचा निकाल लावला असता. आपण त्याला मुक्ती म्हटले असते, कारण ती बघायला आपण तिथे नसतो. ज्याचे पाय आपणच बांधले, त्याला ऐन पुरात ‘जा, तू मोकळा’ म्हणून सांगण्यातलाच हा प्रकार.

आमच्या भागात जैन वस्ती जुनी आहे, म्हणून ज्ञाताधर्मकथेतली हत्तीची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असेल. वणवा पेटला, सारी जनावरे एका मोकळ्या जागेत दाटीने उभी राहिली. हत्तीने अंग खाजवायला पाय उचलला, तेवढ्यात त्या रिकाम्या जागेत एक ससा येऊन बसला. हत्तीने पाय खाली टेकला नाही. अडीच दिवस, वणवा विझेपर्यंत, तो तीन पायांवर उभा राहिला, आणि मग कोसळून गेला. पुढे तोच मेघकुमार झाला. मला या गोष्टीत हत्तीच्या मोठेपणाहून दुसरेच दिसते. त्या सशाला हत्तीने बोलावले नव्हते, तरी त्याने जागा दिली. आम्ही तर चुना-काथला पैसे देऊन आणले होते. ज्याला आपण बोलावले त्याच्यासाठी पाय किती दिवस अधर ठेवायचा? घरचा ससा नीट सांभाळला तर आठ-दहा वर्षे जगतो. तेवढे दिवस.

कोणी म्हणेल, मग पाळूच नये. पटते मला. आज कोणी विचारले तर आठ वर्षांच्या मुलाला वाढदिवसाची भेट म्हणून जिवंत प्राणी आणू नका, असेच मी सांगते. पण ‘आणायला नको होते’ यावरून ‘आता टाकून द्यावे’ हे निघत नाही. उलट, आणण्यात चूक झाली असेल तर ठेवण्याचे ऋण वाढते.

काथ बरी व्हायला तीन आठवडे लागले. दुखणे कमी करायचे औषध, पाणी, पिचकारीने भरवलेले गवताचे पीठ, आणि मग नुसते वाळके गवत. पहिले चार दिवस ती बिस्किटासाठी पुढचे पाय उचलून माझ्या हाताकडे बघत राही. बघवत नसे. नातू म्हणाला, ‘‘आजी, एकच दे ना, तिला वाईट वाटतंय.’’ मी म्हटले, ‘‘वाईट तिला वाटत नाही रे, आपल्याला वाटतंय.’’ हे मी त्याला सांगितले की स्वतःला, कोण जाणे.

आता खेड्यातून दूध घालायला येणारा गवळी आठवड्याला वाळक्या गवताची पेंढी टाकून जातो. हिरवे म्हणून परसातल्या दूर्वा, कोथिंबिरीच्या काड्या. लेंड्या कोरड्या मोत्यांसारख्या पडतात, त्या मी कढीपत्त्याच्या झाडाला घालते. आंघोळ कधीही नाही. मुताचा वास असतो; तो रोज कागद बदलला आणि पांढऱ्या खारेच्या थराला व्हिनेगर लावले की जातो. कागद कधी मराठी वर्तमानपत्राचा, कधी कानडी. काथने अजून भेदभाव केलेला नाही. पिंजरा पुन्हा माजघरात आला आहे, आणि त्याचे दार बहुतेक उघडेच असते. ती आता माझ्या हातातून काही खात नाही. मी गवत टाकते आणि दूर जाऊन बसते. ती आपल्या वेळेला येते, आपल्या पद्धतीने खाते. त्या कुरकुर आवाजात जे सुख आहे ते भरवण्यात नव्हते.

शेजारची चिमुरडी रोज संध्याकाळी दाराशी येते आणि विचारते, ‘‘अज्जी, मोल एल्लि?’’ ससा कुठे आहे? कानडीत सशाला मोल म्हणतात हे आम्हां सीमेवरच्यांना पाठ असते. त्यावर विचार करायची वेळ सहसा येत नाही. चुना गेल्यावर काही दिवस तिला कोणी सांगितले नव्हते. ती परसातल्या पत्र्याकडे बोट दाखवून तोच प्रश्न विचारी. मला तो दर वेळी मराठीत ऐकू येई, आणि उत्तर देता येत नसे.